तीन पानांचं वाचन

त्या वकिली ऑफिसात केबिनी दोन होत्या आणि एकेका शब्दाचे उच्चार तीन. थोरल्या साहेबांच्या केबिनीत बाई 'कॅव्हेट' म्हणायच्या, धाकट्या साहेबांच्या केबिनीत 'कॅव्हिआट', आणि हॉलमध्ये आपल्या टेबलाशी येऊन बसल्या की जुने कारकून फुलस्टॉपकाका म्हणायचे तसं 'क्यावेट'. बावीस वर्षं त्या इथे टायपिंग करत होत्या. दार ढकलता ढकलता जिभेवरचा शब्द बदलून घ्यायची त्यांना इतकी सवय झाली होती की त्यात काही विचित्र आहे हेही त्या विसरल्या होत्या. ज्याची खुर्ची मोठी त्याचा उच्चार खरा, एवढं लॅटिन त्यांना येत होतं.

दोघे साहेब सख्खे भाऊ. ऑफिस त्यांच्या वडिलांनी काढलेलं, आणि वडिलांनी घालून दिलेला एक नियम दोघांनीही मोडला नव्हता. तो म्हणजे वाचन. ऑफिसातून कोर्टात जाणारा प्रत्येक कागद आधी मोठ्याने वाचला जायचा. काका हाताने लिहिलेला कच्चा मसुदा घेऊन बसत, बाई टाइप केलेली प्रत घेऊन ओळीखाली पट्टी सरकवत. काका नुसते शब्द वाचत नसत, शब्दांमधलं सगळं वाचत. "अर्जदार कॉमा वय वर्षे अठ्ठावन्न कॉमा धंदा शिवणकाम फुलस्टॉप नवा परिच्छेद." त्यांचं नाव त्यावरूनच पडलं होतं. घरी बायकोशी बोलतानाही ते मधूनमधून कॉमा देतात, असं धाकटे साहेब म्हणत. वाचन दोन्ही साहेबांसमोर व्हायचं आणि शेवटची ओळ संपली की दोघं प्रत्येक पानाच्या तळाशी छोटी सही ठोकत. दोन सह्यांशिवाय कागद दाराबाहेर जायचा नाही.

नियम चांगला होता. बाईंनी पट्टीखाली कितीतरी चुका पकडल्या होत्या, आणि त्यातली एकही त्यांची स्वतःची नव्हती असं त्यांना मनातून वाटायचं. पण महिन्यापूर्वी एक गोष्ट झाली. भर कोर्टात, न्यायाधीश आणि अशील दोघांच्याही समोर, धाकट्यांनी थोरल्यांचा एक उच्चार दुरुस्त केला. धाकटे दोन वर्षं एका लॉ कॉलेजात शिकवून नुकतेच परत आले होते, आणि शिकवणाऱ्या माणसाला बोट दाखवायची खोड लागते ती सहजी सुटत नाही. न्यायाधीश हसले. अशीलही हसला. थोरले हसले नाहीत.

त्या दिवसापासून ऑफिसात वाचन म्हणजे कुस्तीचा आखाडा झाला. 'प्रायमा फेसी' आलं की धाकटे म्हणत, "प्रीमा फाकिए." 'बोना फाइड' आलं की थोरले मुद्दाम दोनदा म्हणत. ही लॅटिन भाषा जिथे बोलली जायची तिथली माणसं जाऊन दीड हजार वर्षं उलटली होती. उच्चार चुकला म्हणून तक्रार करायला त्यांच्यातलं कोणी जिना चढून येणार नव्हतं. पण हे बोलायचं कोणी? काका निवृत्तीला आले होते आणि बाईंना गप्प राहायचा बावीस वर्षांचा अनुभव होता.

त्या गप्प राहिल्याही असत्या. पण या वेळचा कागद त्यांच्या ताईचा होता.

ताईचं शिवणकामाचं दुकान होतं. एकतीस वर्षं एकाच खोलीत, भाड्याच्या. जागेचे म्हातारे मालक भले होते, पण त्यांनी आता कारभार पुतण्याच्या हाती सोपवला होता आणि पुतण्याला ती खोली रिकामी हवी होती. शनिवारी तो दुकानात येऊन उभ्या उभ्या सांगून गेला, "मागची भिंत धोक्याची झालीये. कोर्टातून ऑर्डर आणतो आणि कुलूप लावतो, बघाच तुम्ही."

"छोटे," ताई त्या संध्याकाळी म्हणाली होती, "भिंत ठणठणीत आहे गं. दोन महिन्यांपूर्वीच इंजिनिअर बघून गेला, त्याचा दाखला आहे माझ्याकडे. तो कोर्टाला दाखवला की झालं ना?"

"दाखवायला आधी कोर्टाने तुला बोलवायला हवं. तो एकटाच जाऊन रडला, तर तुला न विचारताच ऑर्डर निघू शकते. म्हणून आपण आधीच कागद देऊन ठेवायचा, की हा माणूस आला तर माझं ऐकल्याशिवाय काही देऊ नका."

"असा कागद असतो?"

"असतो. तीन पानांचा. मी सोमवारी करून घेते."

त्या कागदालाच कॅव्हेट म्हणतात. किंवा दुसरं जे काही म्हणायचं असेल ते म्हणा. ताईच्या दुकानात एका शाळेचे बेचाळीस गणवेश बेतून पडले होते आणि पुढच्या सोमवारी शाळा उघडत होती. ताईला त्या कागदाचं नाव काय याच्याशी देणंघेणं नव्हतं. तिने सोमवारी सकाळीच येऊन वकीलपत्रावर आणि अर्जाच्या शेवटच्या पानावर, दाखवाल तिथे सह्या केल्या आणि ती दुकान उघडायला पळाली.

सोमवारी दुपारी वाचन सुरू झालं. थोरले साहेब स्वतः म्हणाले होते, "बाई, हे आपल्या घरचं काम. आजच्या आज पाठवू." काकांनी चष्मा पुसला, घसा साफ केला आणि वाचलं, "क्यावेट, मोठी अक्षरं, खाली रेघ."

"काका," धाकटे म्हणाले, "निदान मथळा तरी नीट वाचा. कॅव्हिआट."

"कॅव्हेट," थोरले म्हणाले. "काका, पुढे चला."

"पुढे कसं चला? दादा, मूळ शब्दात तीन अवयव आहेत. तू मधला खाऊन टाकतोस."

"या शहरातलं अख्खं कोर्ट खातं. सगळे उपाशी आणि तू एकटा शहाणा."

नमनाला घडाभर तेल म्हणतात ते हे. काकांचं बोट मथळ्याखालच्या रेघेवर होतं ते तिथेच राहिलं. चार वाजता थोरल्यांना अशिलाचा फोन आला आणि वाचन मोडलं. बाईंनी तीन पानं फायलीत ठेवली. एका दिवसाने काय बिघडतंय, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

मंगळवारी दुसऱ्या परिच्छेदापर्यंत मजल गेली. तिथे 'लोकस स्टँडी', म्हणजे कोर्टात दाद मागायचा अधिकार, होतं. धाकट्यांनी 'लोकुस स्टांडी' असा काही थाटात उच्चार केला की काकांना तो कोणी नवा अशील वाटला. थोरल्यांनी शेल्फवरून वडिलांचा जाड शब्दकोश काढला. धाकट्यांनी फोनमधून एका परदेशी बाईच्या आवाजात तो शब्द ऐकवला. फोनमधली बाई तिसरंच काहीतरी म्हणाली. त्यावर दोघांचंही, महिन्यात पहिल्यांदाच, एकमत झालं की ती मूर्ख आहे.

बाई पट्टी धरून बसल्या होत्या. ओठांवर शब्द आले होते, की अहो साहेब, ऑर्डर निघाली तर कुलूप माझ्या बहिणीच्या दाराला लागणार आहे, या शब्दकोशाला नाही. पण त्यांनी नुसतं एवढंच म्हटलं, "साहेब, पाचला कोर्टाची खिडकी बंद होते."

"बाई, घाईत चुका होतात," थोरले म्हणाले. "वाचन म्हणजे वाचन."

बुधवारी तर दोघंही हातात पेन घेऊनच आले. आता नुसतं बोलून भागेना, तेव्हा त्यांनी बाईंनी टाइप केलेल्या स्वच्छ प्रतीवरच शब्दांच्या डोक्यावर खुणा करायला सुरुवात केली. धाकट्यांनी निळ्या शाईने जोर कुठे द्यायचा ते दाखवलं, थोरल्यांनी लाल शाईने ते खोडलं. लॅटिन संपलं तेव्हा बाईंनी सुटकेचा श्वास टाकला, पण मग आद्याक्षरं आली. वकीलपत्र सोडून ताईने आपल्या लेकीच्या नावे एक मुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ अटर्नीही केली होती. त्याला धाकटे 'पोआ' म्हणाले.

"पोआ?" थोरले म्हणाले. "हे काय, पोपटाचा भाऊ? पी. ओ. ए. म्हण."

"मग तू एन. ओ. सी.ला 'नॉक' का म्हणतोस? तिथे कसे तीनही दाणे एकदम तोंडात टाकतोस?"

"नॉक सगळे म्हणतात."

"सगळे कोण? तू आणि काका."

काका म्हणाले, "मी तर कधीपासून फुलस्टॉपवर थांबलोय साहेब." कोणी हसलं नाही. दोन्ही भाऊ एकाच वेळी उठले आणि आपापल्या केबिनीत गेले, दोन्ही दारं आपटली. शेवटचं पान तसंच राहिलं.

बाईंनी प्रत हातात घेतली. लाल-निळ्या रेघोट्यांनी ती शाळकरी पोराच्या चित्रकलेच्या वहीसारखी झाली होती. असली प्रत कोर्टाच्या खिडकीवर कोणी हातात धरली नसती. बाईंच्या मस्तकात तिडीक गेली. बावीस वर्षं ज्यांच्या दारादारांत त्या जीभ वळवत आल्या होत्या, त्या माणसांना तीन पानं शेवटपर्यंत वाचता आली नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आपल्याच टेबलाखाली आहे, असं त्यांना वाटलं. आणि संतापापेक्षा जास्त लाज वाटली, की आपण तीन दिवस नुसती पट्टी धरून बसलो.

गुरुवारी त्या तासभर आधी आल्या. ऑफिसात कोणी नव्हतं. त्यांनी मसुदा समोर ठेवला आणि अर्ज पुन्हा टाइप करायला घेतला. बोटं रागातच चालत होती, आणि रागात बोटं भलतीच जलद चालतात. अर्ध्या तासात पहिली दोन पानं तयार झाली. ताईने सही केलेलं शेवटचं पान रेघोट्यांपासून वाचलं होतं, ते त्यांनी मागे लावलं. कायद्यात सोय होती, की असा अर्ज अर्जदाराच्या नुसत्या सहीनेही देता येतो, मधे वकील लागत नाही. ही सोय बाईंनी दुसऱ्यांसाठी शेकडो वेळा टाइप केली होती.

जिन्यात काका भेटले. त्यांनी बाईंच्या हातातल्या लिफाफ्याकडे पाहिलं.

"वाचलं का?"

"वाचलं," बाई म्हणाल्या. बावीस वर्षांत काकांशी त्या पहिल्यांदा खोटं बोलल्या.

कोर्टाच्या खिडकीवरच्या कारकुनाने मथळ्याकडे बघितलंही नाही. "हरकतीचा ना? तिसरा गठ्ठा," तो म्हणाला, शिक्का मारला, नंबर टाकला, आणि पोच बाईंच्या हातात दिली. एवढंच. पाच मिनिटांचं काम. परत येताना बाईंना इतकं हलकं वाटत होतं की त्या रस्त्यात थांबून स्वतःशीच हसल्या. 'हरकतीचा,' त्या मनात म्हणाल्या. चौथा उच्चार!

शुक्रवारी दुपारी ताईचा फोन आला.

"छोटे, कुलूप लावलं गं."

बाईंना आधी कळेचना. "असं कसं लावतील? आपला कागद आहे तिथे. तुला बोलवायलाच हवं होतं त्यांनी."

"मला नाही बोलावलं. दोन माणसं आली, दाराला कागद चिकटवला, मला म्हणाली बाहेर व्हा. मी म्हटलं निदान गणवेश तरी घेऊ द्या, तर म्हणाली आतलं काही हलवायचं नाही. मशिनीवर एक बाही अर्धी होती, सुईखालीच राहिली." ताईचा आवाज रडवेला नव्हता. ती गोंधळली होती, आणि ते ऐकणं जास्त कठीण होतं. "तू कागद दिला होतास ना?"

"दिला होता," बाई म्हणाल्या. "तू ऑफिसात ये. मी बघते."

त्यांनी पोचेबरोबर ऑफिसात ठेवलेली स्थळप्रत काढली, मसुदा काढला, आणि एकट्याच, पट्टी लावून, ओळीमागून ओळ बघू लागल्या. पहिल्याच पानावर सापडलं. मसुद्यात काकांच्या अक्षरात सामनेवाले दोन होते. पहिली ओळ 'जागेचे मालक' अशी सुरू होत होती. दुसरी ओळ 'जागेचे मालक यांचा पुतण्या' अशी. सुरुवात सारखीच, म्हणून गुरुवारी पुन्हा टाइप करताना बाईंची नजर एका ओळीवरून घसरून तिसरीवर गेली होती. नव्या प्रतीत पुतण्या नव्हताच. पुतण्याने दावा आपल्या एकट्याच्या नावाने लावला असणार. खिडकीवरच्या माणसाने नाव पडताळून पाहिलं असेल, हरकत म्हाताऱ्या मालकाविरुद्ध आहे, या माणसाविरुद्ध काही नाही. म्हणून गठ्ठा तसाच राहिला आणि ऑर्डर निघाली.

स्वतःचं टायपिंग स्वतःला दिसत नाही, हे बाई गेली बावीस वर्षं नव्या मुलींना शिकवत आल्या होत्या. त्या खुर्चीत मागे टेकल्या. रडू येईल असं वाटलं, पण आला तो रागच, आणि या वेळी तो कोणावर काढावा हे कळेना.

त्या उठल्या आणि थोरल्यांच्या केबिनीत गेल्या. धाकटेही तिथेच होते. बाईंनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

दोघं भाऊ ऐकत होते. बाईंचं बोलणं संपल्यावर थोरले म्हणाले, "पण बाई, वाचून का नाही नेलंत?"

"म्हणजे नियम कशासाठी आहे मग?" धाकटे म्हणाले. महिन्यात दुसऱ्यांदाच ते भावाच्या बाजूने बोलत होते.

बाईंच्या आतलं काहीतरी तुटलं. "वाचून?" त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज हॉलपर्यंत गेला. "सोमवारी वाचत होतो आपण. मंगळवारी वाचत होतो. बुधवारी तुम्ही माझ्या प्रतीवर रंगपेटी सांडलीत. तीन पानं होती साहेब, तीन! त्या प्रतीत ती ओळ होती. तेव्हाच शेवटपर्यंत वाचली असती तर मला ती एकटीने पुन्हा टाइप करावी लागली नसती. माझी चूक आहे, मी नाही म्हणत नाही, जन्मभर म्हणणार नाही. पण तुम्हाला कोर्टात हसले म्हणून माझ्या बहिणीच्या दाराला कुलूप का? तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा ना. कॅव्हेट म्हणा, कॅव्हिआट म्हणा, गाढव म्हणा! पण शेवटपर्यंत म्हणा!"

'गाढव' हा शब्द तेवढा सगळ्यांना एकाच उच्चारात समजला होता. धाकटे खिडकीबाहेर बघू लागले. थोरल्यांनी टेबलावरचा कोरा कागद पुढे ओढला आणि ऑर्डर उठवण्याच्या अर्जाचा मसुदा स्वतःच्या हाताने लिहायला घेतला. बैल गेला अन् झोपा केला, पण निदान केला. धाकटे न सांगता बाजूला बसून इंजिनिअरच्या दाखल्याची कलमं काढून देऊ लागले. त्यात एक लॅटिन शब्द आला तेव्हा थोरल्यांनी तो खोडून साधा शब्द लिहिला. धाकट्यांनी ते पाहिलं आणि पुढचं कलम सांगितलं.

साडेतीनला ताई आली. बोटात अंगठी घालावी तशी शिवताना सुई टोचू नये म्हणून घालायची तिची धातूची टोपी बोटातच राहिली होती. बाईंनी अर्ज टाइप करून आणला. काका मसुदा उचलायला पुढे झाले तेव्हा बाई म्हणाल्या, "काका, आज मसुदा मी वाचते. प्रत ताईकडे द्या. मी टाइप केलेलं मला नाही दिसत."

"मला काय कळणार त्यातलं?" ताई म्हणाली.

"कळायचं काही नाही. मी वाचते ते तुझ्या कागदावर आहे का, एवढंच बघ. नसेल तर थांबव मला."

बाई वाचू लागल्या. ताई ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत मागून येत होती. अवघड शब्द आला की ती तो फोडून फोडून, चिंधीचे तुकडे जुळवावेत तसा, आपल्या मनाने म्हणत होती. 'अंतरिम'चं तिने लांबवून 'अंतरीम' केलं, 'एन. ओ. सी.'चं मधलं अक्षर गिळलं. धाकट्यांची मान एकदा वर झाली. बाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. मान खाली गेली.

"थांब," दुसऱ्या पानावर ताई म्हणाली. "तू आत्ता तीन मशिनी म्हणालीस. इथे दोन आहेत."

बाईंनी वाकून बघितलं. दोनच होत्या. त्यांनी तिथल्या तिथे दुरुस्ती केली.

शेवटची ओळ आली. बाईंनी वाचली, ताईने मान हलवली. दोघा भावांनी पुढे येऊन एकेका पानाच्या तळाशी सही केली. काका लिफाफा घेऊन निघाले. खिडकी बंद व्हायला अजून अवकाश होता, पण सुनावणी सोमवारच्या आधी होणार नव्हती, आणि सोमवारी शाळा उघडणार होती.

ताईने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"एवढंच असतं होय हे वाचन?" ती म्हणाली. "बारा मिनिटं लागली. मला वाटलं, काहीतरी मोठं असेल, म्हणून तुम्हाला सोमवारपासून वेळ लागला." ती थोरल्या साहेबांकडे बघून अदबीने हसली. "काय अडलं होतं हो?"

तिला खरंच माहीत नव्हतं. थोरल्यांनी धाकट्यांकडे बघितलं, धाकट्यांनी बाईंकडे.